अमेरिकेत राष्ट्राध्यक्षावर महाभियोग मंजूर झाला म्हणजे त्याचं पद गेलं का?

नाही, पद लगेच जात नाही. महाभियोग म्हणजे आरोपपत्र, निकाल नव्हे. अमेरिकेच्या राज्यघटनेने ही कामं दोन सभागृहांत वाटली आहेत. प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं, खटला सिनेटपुढे चालतो आणि दोषी ठरवायला तिथे हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. हा दुसरा टप्पाच खरा अवघड. अँड्र्यू जॉन्सन (१८६८) अवघ्या एका मताने वाचले, बिल क्लिंटन (१९९८) आणि डोनाल्ड ट्रम्प (२०१९ व २०२१) यांच्यावरही आरोप ठेवले गेले, पण सिनेटने कुणालाच दोषी ठरवलं नाही. निक्सन यांचं नाव या यादीत अनेकजण घालतात, ते चूक आहे: १९७४ मध्ये प्रतिनिधिगृहाचं मतदान होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला होता.

मात्र ही तरतूद निव्वळ कागदावरची समजू नका. ती संघराज्याच्या न्यायाधीशांनाही लागू आहे आणि आठ न्यायाधीशांना सिनेटने खरोखर पदावरून काढलं आहे. सिनेट तुरुंगात मात्र पाठवू शकत नाही. पद काढून घेणं आणि पुढे पद धारण करायला बंदी घालणं, एवढाच तिचा अधिकार. फौजदारी खटला न्यायालयात वेगळा चालतो.