ऑटो सीपॅप ४ ते २० वर ठेवलंय, तरी गुदमरतं आणि एएचआय ९ च्या खाली येत नाही. प्रेशर किती ठेवावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: झोपेत श्वास अडतो (स्लीप ॲप्निया) म्हणून केलेल्या स्लीप स्टडीत एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो तो आकडा, ३८ निघाला. मग ऑटो सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं आणि तो दाब (प्रेशर) स्वतःच कमीजास्त करणारं यंत्र, सुरू झालं, आणि ते आलं तसंच ४ ते २० वर चालू आहे. मास्क लावल्याबरोबर हवा पुरत नाही असं वाटतं, पहाटे मास्कमधून फुसफुस होते, आणि एएचआय ९ वर अडलाय. अहवालात मध्यक प्रेशर ७.८ आणि ९५ टक्क्यांचं प्रेशर ११.४ दिसतं. आकडा किती हवा आणि तो स्वतः बदलावा का, हा तुमचा प्रश्न.

मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं हे यंत्र लावून झोपते आणि घरातल्या आणखी एकाचं यंत्र बसवून देताना त्याचे अहवाल रोज वाचलेत. त्या जोरावर सांगते: तुमची अडचण बहुतेक खालच्या आकड्यात, म्हणजे ४ मध्ये आहे. लोक वरच्या २० ला घाबरतात, पण तो आकडा सहसा इतका त्रास देत नाही.

४ ते २० ही यंत्राची पूर्ण मर्यादा आहे, तुमच्यासाठी ठरवलेलं सेटिंग नव्हे. हे आकडे पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात, म्हणजे ४ म्हणजे चार सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब. बऱ्याच मोठ्या माणसांना एवढ्यावर श्वास घेताना हवा कमी पडल्यासारखी वाटते. तुम्हाला गुदमरतं त्यात नवल नाही, आणि ‘मला हे यंत्र सोसत नाही’ असा निष्कर्ष कृपा करून काढू नका.

आता ऑटो यंत्र काम कसं करतं ते बघा, कारण सगळी गोम तिथेच आहे. सीपॅप म्हणजे घशाला आतून दिलेला हवेचा टेकू. घसा मिटल्यावर जोर लावून तो उघडायचा, असं ते करत नाही. मिटूच नये म्हणून आधीपासून धरून ठेवतं. ऑटो यंत्र तुमच्या श्वासाच्या आलेखावर नजर ठेवतं: आत घेतलेल्या श्वासाचा माथा सपाट व्हायला लागला, घोरण्याची थरथर आली, श्वास अडला, की ते प्रेशर वाढवत नेतं. पण हळूहळू, आणि घटना घडून गेल्यानंतर. तुम्ही कुशीवर असताना ५ पुरत असेल, पण उताणे झालात किंवा स्वप्नांची झोप लागली की गरज अचानक १० वर जाते. यंत्र ५ वरून १० पर्यंत पोचेपर्यंत चार-पाच वेळा श्वास अडून झालेला असतो. तोवर तुम्ही पुन्हा कुशीवर वळता, यंत्र हळूहळू खाली येतं, आणि पुढच्या वेळी तेच. एएचआय ९ असाच साचतो. तेच यंत्र ७ वर उभं असेल तर त्याला थोडंच चढायचं असतं.

एएचआय ३८ होता म्हणून प्रेशरही भरपूर लागेल, हा समज सोडून द्या. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी हा उपचार पहिल्यांदा प्रसिद्ध केला, तेव्हाचे पाचही रुग्ण गंभीर आजाराचे होते आणि त्यांना ४.५ ते १० एवढंच प्रेशर पुरलं होतं. प्रेशर ठरतं ते तुमचा घसा किती सहज मिटतो यावर. श्वास तासाला किती वेळा अडतो हा वेगळा हिशेब.

तरीही आज रात्रीच आकडा वाढवू नका. आधी गळती बघा. पहाटेची फुसफुस मला जास्त महत्त्वाची वाटते. मास्कच्या कडेने किंवा तोंडातून हवा निसटत असेल तर यंत्राला श्वासाचा आलेख नीट दिसत नाही, मग ते चुकीचं वाढवतं किंवा वाढवायचं तिथे गप्प बसतं. रेसमेड कंपनीच्या यंत्रांवर मिनिटाला २४ लिटरच्या पुढची गळती जास्त धरतात. काही कंपन्यांच्या अहवालात मास्कच्या छिद्रांतून मुद्दाम सोडलेली हवाही धरलेली असते, त्यामुळे दोन यंत्रांचे गळतीचे आकडे एकमेकांशी जुळवत बसू नका. मास्कचे पट्टे बसून बांधू नका. झोपायच्या स्थितीत आडवे व्हा, यंत्र चालू करा, हवा भरल्यावर मास्क चेहऱ्यापासून जरासा उचलून परत टेकवा आणि मग पट्टे ओढा. आडवं झाल्यावर गाल आणि जबडा सरकतो, म्हणून बसून घट्ट केलेला मास्क रात्री हमखास फुसफुसतो. मास्कची चेहऱ्याला टेकणारी गादी रोज पुसा, चेहऱ्याचं तेल लागलं की ती घसरते. सकाळी तोंड कोरडंठाक असेल तर हवा तोंडातून जातेय. त्यावर नाक मोकळं करणं, ह्युमिडिफायरचा (हवेला ओलावा देणाऱ्या भागाचा) आकडा वाढवणं किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क हे उपाय आहेत.

गळती आटोक्यात आली की एएचआयची फोड करून बघा. ९ हा नुसता आकडा काही सांगत नाही. त्यात घसा मिटल्याने अडलेले श्वास किती, अर्धवट उथळ झालेले किती, आणि घसा उघडा असूनही श्वास घेतलाच गेला नाही असे किती, हे पाहायचं. या तिसऱ्या प्रकाराला सेंट्रल म्हणतात, काही यंत्रं त्याला ‘क्लिअर एअरवे’ म्हणतात. पहिले दोन प्रेशर वाढवल्यावर कमी होतात. तिसरा मात्र वाढवल्याने बिघडू शकतो. उपचार नवा असताना सेंट्रल घटना थोड्या दिसतात आणि बऱ्याच जणांच्या काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. कूस बदलताना आपण क्षणभर श्वास रोखतो, तेही यंत्र सेंट्रल म्हणून नोंदवतं. एखाद-दुसऱ्या नोंदीने घाबरू नका. पण तुमच्या ९ पैकी अर्ध्याहून जास्त त्याच असतील, तर माझं पुढचं सगळं तुमच्यासाठी नाही. थेट डॉक्टरांकडे जा.

ही फोड पाहायला यंत्रातलं एसडी कार्ड काढून ‘ऑस्कर’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतं. त्यात रात्रीचा मिनिटामिनिटाचा आलेख दिसतो. घटना रात्रभर विखुरलेल्या आहेत की एकेका जागी गुच्छ करून आल्यात, हे जरूर बघा. पाऊण तासात दाट गुच्छ, बाकी रात्र स्वच्छ, असं दिसलं तर बहुतेक वेळा झोपण्याची स्थिती कारणीभूत असते: उताणं झोपणं, किंवा उंच उशीमुळे हनुवटी छातीला टेकणं. मान अशी वाकली की घशातली श्वासाची वाटच दुमडते, आणि तिथे प्रेशर कितीही दिलं तरी फारसा उपयोग होत नाही. उशी बुटकी केली की तो गुच्छ विरतो. हे मी घरी प्रत्यक्ष पाहिलंय, प्रेशरला हातही न लावता.

आता तुमचे आकडे. मध्यक ७.८ म्हणजे अर्धी रात्र यंत्र याच्या खाली होतं, अर्धी वर. ९५ टक्के ११.४ म्हणजे रात्रीचा पाच टक्के वेळच त्याहून जास्त लागलं. गळती कमी आणि घटना मुख्यतः घसा मिटण्याच्या, हे धरून मी डॉक्टरांपुढे असं मांडेन: खालचा आकडा ४ वरून ६, काही रात्री जाऊ दे, मग ७. तरीही उरलं तर ८. वरचा आकडा १४, म्हणजे लागणाऱ्यापेक्षा अडीच-तीनची मोकळीक राहते आणि गळतीला फसून यंत्र १८-२० पर्यंत धावत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान चार-पाच रात्री तशीच ठेवा. एका रात्रीचा एएचआय जेवण, मद्य, सर्दी, कूस अशा कशानेही हलतो, त्यावरून निकाल देऊ नका. तासाला ५ च्या खाली आलं आणि दिवसा तरतरी वाटली, की थांबा. ०.८ चं ०.४ करायच्या नादात चांगली झोप मोडणारे लोक मी पाहिलेत.

श्वास सोडताना प्रेशर कमी करणारी सोय, रेसमेडवर तिला ईपीआर म्हणतात, तीही हिशेबात धरा. ती ३ वर असेल तर ७ प्रेशरला तुम्ही श्वास सोडता तो ४ वर, आणि घसा मिटण्याचा धोका तेव्हाच जास्त असतो. म्हणून ईपीआर वाढवलं की खालचा आकडाही थोडा वाढवावा लागू शकतो. आणि यंत्र ४ च्या खाली जात नसल्याने, प्रेशर ४ वर असताना ईपीआरचा काहीही फायदा मिळत नाही. तुमचा सुरुवातीचा त्रास दोन्हीकडून असा वाढलाय. रॅम्पचं, म्हणजे सुरुवातीला प्रेशर हळूहळू चढवणाऱ्या सोयीचंही तसंच: ४ पासून पाऊण तास चढत जाणारा रॅम्प ऐकायला सौम्य वाटतो, पण ज्याला ४ वर गुदमरतं त्याला ती शिक्षा आहे. रॅम्प बंदच करा, किंवा खालचा आकडा वाढला की तो ६ पासून सुरू करा.

वाढवताना पोट फुगणं, ढेकरा, सकाळी पोटात कळा असं सुरू झालं तर हवा गिळली जातेय. एक पायरी खाली या. प्रेशर सतत वरखाली होण्याने जाग येत असेल तर ११ च्या आसपास एकच स्थिर प्रेशर मागून बघा. सरासरीने दोन्ही पद्धतींचा परिणाम जवळपास सारखाच येतो, ज्याला जे मानवेल ते.

स्वतः बदलावं का? आरामाच्या गोष्टी, म्हणजे रॅम्प, ओलावा, मास्क, खुशाल बदला. प्रेशरच्या दोन मर्यादा मात्र डॉक्टरांना विचारून. यंत्रात मोडेम असेल तर ते बसल्या जागेवरून बदलून देतात, दोन मिनिटांचं काम असतं. हृदयाची ताकद कमी झाली असेल, फुप्फुसाचा जुना आजार असेल, पूर्वी फुप्फुसाला छिद्र पडून हवा साचली असेल किंवा ओपिऑइड गटातली वेदनाशामक औषधं चालू असतील, तर अर्धा सेंटिमीटरही स्वतः हलवू नका. आणि दिवसा डोळे मिटत असतील तर हे सगळं जुळेपर्यंत गाडी चालवू नका.

डॉक्टरांकडे जाताना ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगू नका. शेवटच्या दोन आठवड्यांचा अहवाल, एएचआयची फोड, गळती आणि ९५ टक्क्यांचं प्रेशर एका कागदावर घेऊन जा आणि सरळ विचारा: ‘खालचं प्रेशर ६ किंवा ७ करून वरचं १४ करता येईल का? आणि घटना तरी उरल्या तर लॅबमध्ये रात्रभराचं टायट्रेशन करायचं का?’ टायट्रेशनमध्ये तंत्रज्ञ तुमची झोप समोर बघत, उताणं असताना आणि स्वप्नांच्या झोपेतही किती पुरतं ते एकेका सेंटिमीटरने ठरवतात. घरच्या यंत्राला तुम्ही खरंच झोपलात की नुसते पडून आहात हे कळत नाही. ती उणीव फक्त तिथेच भरून निघते.