फ्रेम रेट २५ की ३०? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आम्ही परभणी आणि आसपास लग्नाचं शूटिंग करतो. नवा कॅमेरा घेतल्यापासून मंगल कार्यालयातल्या व्हिडिओत काळपट आडवे पट्टे सरकताना दिसतात. उघड्यावरचं शूटिंग स्वच्छ येतं. फ्रेम रेट ३० आणि शटर १/६० ठेवतो. कॅमेरा खराब निघाला का?

कॅमेरा ठणठणीत आहे. घोळ ३० आणि १/६० या जोडीत आहे. फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला टिपली जाणारी चित्रं (फ्रेम) आणि शटर म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड मिळण्याचा वेळ, तुमच्याकडे सेकंदाचा साठावा भाग.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० लाटांची, आणि प्रत्येक लाटेत उजेडाचे दोन ठोके. ट्यूब आणि बरेचसे साधे एलईडी दिवे त्यामुळे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही, सेन्सरला (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपला) कळतं, कारण सेन्सर चित्र एकदम न वाचता वरून खाली ओळीओळीने वाचतो. शटर १/१०० असेल तर प्रत्येक ओळीला उजेडाचा बरोबर एक ठोका मिळतो, १/५० असेल तर दोन. १/६० ला मिळतात पावणेदोनच्या आसपास. म्हणजे एका ओळीच्या वाट्याला जास्त उजेड, दुसरीच्या वाट्याला कमी. तोच तुमचा पट्टा. त्यात ३० ने १०० ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये पट्ट्याची जागा बदलते आणि तो सरकताना दिसतो.

मेनूत ‘व्हिडिओ सिस्टीम’ एनटीएससीवरून (६० हर्ट्झच्या विजेशी जुळणारी टीव्ही पद्धत) पालवर (५० हर्ट्झशी जुळणारी) आणा. ३०, ६०, १२० जाऊन २५, ५०, १०० दिसू लागतील. काही कॅमेऱ्यांत हा बदल केल्यावर कार्ड पुन्हा फॉरमॅट करावं लागतं, तेव्हा आधीचं फुटेज उतरवून घ्या. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत पाल-एनटीएससी हा पर्यायच नसतो. तिथे रेझोल्यूशनच्या यादीतून थेट २५ निवडायचं. मग शटर मॅन्युअल करून १/५० वर ठेवा. आपल्या टीव्हीचं गणितही पहिल्यापासून २५ चंच आहे. १९८२ साली रंगीत दूरदर्शन आलं ते पाल पद्धतीनेच.

१/१०० ऐवजी १/५० का, तर माळांसाठी. मांडवातल्या स्वस्त एलईडी माळा पुष्कळदा विजेच्या अर्ध्याच लाटेवर पेटतात, म्हणजे सेकंदाला फक्त ५० वेळा. १/१०० ला एखाद्या ओळीच्या वाट्याला नेमका विझलेला अर्धा भाग येतो. १/५० मध्ये पेटणं-विझणं दोन्ही पूर्ण बसतं. शिवाय अक्षता छान दिसतात. १/५० ला प्रत्येक दाणा छोटी रेघ ओढत खाली येतो आणि डोळ्याला तो पाऊस वाटतो. तोच प्रसंग १/५०० ला घेतला तर दाणे हवेत टाचून ठेवल्यासारखे दिसतात आणि सगळी हालचाल तुटक होते.

वीज गेली आणि जनरेटर लागला तर? लोड कमी असताना तो ५० ऐवजी ५१-५२ हर्ट्झवर फिरतो. १/५० ला फार तर एखादी पुसट छटा सरकते. सेटिंगला हात लावू नका. खरा त्रास स्टेजमागची एलईडी वॉल आणि डिमरवर मंद केलेले दिवे देतात, कारण त्यांची लुकलुक मुख्य विजेच्या तालात नसते. दिवे डिमरवर असतील तर पूर्ण तेजावर करायला सांगा. वॉलसाठी कॅमेऱ्यात शटर दशांशाने सरकवायची सोय असेल तर स्क्रीनवर पट्टे थांबेपर्यंत ते हळूहळू फिरवा. ही तपासणी वऱ्हाड यायच्या आधी करायची.

ड्रोनवाला आणि दुसरा कॅमेरावाला यांनाही सकाळीच २५ सांगून ठेवा. मिक्सिंगला बसल्यावर २५ च्या टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमधल्या क्लिपा जोडायच्या पट्टीवर) ३० चं फुटेज टाकलं की दर सेकंदाला पाच फ्रेम गळतात आणि वरातीवरून संथ फिरणारा ड्रोनचा शॉट अडखळत चालतो. तो दोष नंतर नीट दुरुस्त होत नाही.

प्रश्न : वेळ अमावास्येवर दहा मिनिटांची फिल्म करायची आहे. शेतात आंबील शिंपडतानाचा शॉट स्लो मोशनमध्ये हवा. ‘सिनेमा लूक’साठी २४ ठेवू का? – औसा, जि. लातूर

२४ आणि २५ यांतला फरक पडद्यावर कोणालाही दिसणार नाही. २४ हा आकडा बोलपट आले तेव्हा फिल्मसाठी ठरला. तुम्हाला जो ‘लूक’ हवाय तो १/५० शटर, संथ कॅमेरा आणि चांगला उजेड यांतून येतो. थिएटरसाठी डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी फाइल) करायची नसेल तर २५ घ्या. संध्याकाळी घरात दिव्याखाली शूट करावं लागलं तरी अडचण येणार नाही. पॅन करताना (कॅमेरा आडवा फिरवताना) कडब्याच्या कोपीसारखी एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला साधारण सात सेकंद लागू द्या. त्याहून वेगाने फिरवलं की चित्र थरथरतं.

आंबिलीचा शॉट १०० फ्रेमवर आणि १/२०० शटरवर घ्या. २५ च्या टाइमलाइनवर तो चौपट संथ होतो, म्हणजे दोन सेकंदांचं शिंपडणं आठ सेकंद चालतं. हातातून सुटलेली धार आधी पातळ पडद्यासारखी पसरते, मग तिचे थेंब होतात. हे १०० ला स्पष्ट दिसतं, ५० ला निम्मंच. सूर्य पाठीमागे किंवा तिरका ठेवा, नाहीतर पांढुरकी आंबील आकाशात विरून जाईल. सॉफ्टवेअरमध्ये क्लिपचा वेग २५ टक्के करा. कॅमेऱ्याच्या स्लो मोशन मोडमध्ये बहुधा आवाज रेकॉर्ड होत नाही, म्हणून बायका-पोरांचा गलका साध्या २५ वर वेगळा घेऊन ठेवा.

एनडी फिल्टरशिवाय (लेन्सवर लावायच्या, उजेड कमी करणाऱ्या काचेशिवाय) मात्र जाऊ नका. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि १/५० ला अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ २२ पर्यंत बंद करावं लागतं. एफ ४ वर यायचं तर पाच स्टॉप उजेड कमी करावा लागतो (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो), म्हणजे एनडी ३२. लॉगमध्ये (रंग नंतर सुधारता यावेत म्हणून चित्र फिकं घेणाऱ्या मोडमध्ये) शूट करत असाल आणि आयएसओ ८०० च्या खाली जात नसेल तर आणखी तीन स्टॉप धरा. व्हेरिएबल एनडी सोयीचा, पण वाइड लेन्सवर शेवटपर्यंत पिळला की चित्रात काळी फुली उमटते.

प्रश्न : सगळंच ६० वर घेतलं तर? हवं तिथे संथ करता येईल. – जालना

६० नको, ५० घ्या, तेही लागेल तेवढंच. १/१०० शटरमुळे एक स्टॉप उजेड जातो. हॉलमध्ये आयएसओ १६०० चं ३२०० होतं. ६४ जीबीच्या कार्डावर १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) सुमारे ८५ मिनिटं मावतात, २०० एमबीपीएसने ४२. एप्रिल-मेच्या उन्हात ४के ५० वर कॅमेरा तापून बंद पडायची शक्यताही जास्त.

प्रश्न : एका ज्येष्ठ शेतकऱ्याची ४० मिनिटांची मुलाखत घेतली. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला ओठ जुळतात, शेवटी आवाज अडीच सेकंद मागे पडतो. – अंबाजोगाई

अडीच सेकंद यातच उत्तर आहे. कॅमेऱ्याचं ‘३०’ खरं तर २९.९७ असतं. सॉफ्टवेअरने ती क्लिप पूर्ण ३० समजून चालवली की चित्र हजारात एक भाग पुढे पळतं. ४० मिनिटं म्हणजे २४०० सेकंद, त्यात २.४ सेकंदांचा फरक. क्लिपच्या प्रॉपर्टीत फ्रेम रेट २९.९७ करा, आवाज जागेवर येईल.

फरक कधी वाढत, कधी कमी होत असेल तर मात्र फुटेज मोबाइलचं असणार. मोबाइल उजेडानुसार आणि गरम झाला की फ्रेम रेट मागेपुढे करतो. तेव्हा हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेम रेट ३० आणि ‘कॉन्स्टंट’ निवडा आणि नवी फाइल करून तीच टाइमलाइनवर घ्या. इथे २५ निवडू नका, फ्रेम गळतील. पुढच्या मुलाखतीला सुरुवातीला आणि उठायच्या आधी, अशी दोनदा कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा. दोन्ही टाळ्या जुळल्या की मधलं सगळं जुळलेलं असतं.