कारखान्यातल्या राउटरवर डीएनएसच्या (नावावरून इंटरनेट पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या) त्रुटींची काळजी करावी का, राउटर फक्त व्हीपीएनसाठी (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणीसाठी) असला तरी?

हो, नक्की करावी. जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेलं 'डीएनएसपूक' प्रकरण पाहा. डीएनएसच्या चौकश्या हाताळणाऱ्या डीएनएसमास्क या छोट्या प्रोग्राममध्ये ७ त्रुटी सापडल्या. तो असंख्य राउटरमध्ये असतो. सीमेन्सच्या स्कॅलन्स आणि रग्डकॉम या औद्योगिक नेटवर्क उपकरणांच्या मालिकांतल्या काही उपकरणांनाही त्यातल्या ३ त्रुटी लागू होत्या.

त्या तिन्ही कॅशेत (मिळालेली उत्तरं साठवून ठेवण्याच्या जागेत) खोटी उत्तरं घुसवू देणाऱ्या होत्या. आलेलं उत्तर आपल्याच प्रश्नाचं आहे का, याची तपासणी ढिली होती: नावं जुळवायला सीआरसी३२ ही साधी बेरीज-तपासणीसारखी पद्धत वापरली जायची, जी सहज फसवता येते. शिवाय एकाच नावाच्या अनेक चौकश्या एकाच वेळी बाहेर जायच्या, त्यामुळे हल्लेखोराचा अंदाज बरोबर ठरण्याची शक्यता वाढायची. व्हीपीएन सर्व्हरचा पत्ता नावाने दिला असेल तर तोही याच कॅशेतून येतो. तो खोटा असेल तर जोडणी भलत्याच सर्व्हरशी होऊ शकते, म्हणून व्हीपीएनला सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची तपासणी हवीच.

दुरुस्ती डीएनएसमास्क २.८३ मध्ये आली, पण राउटरवर ती निर्मात्याच्या फर्मवेअरमधूनच (उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरमधूनच) पोहोचते. प्लांट थांबवता येत नसेल तर तोवर राउटरवरचा डीएनएस प्रॉक्सी (आतल्या उपकरणांच्या डीएनएस चौकश्या त्यांच्या वतीने पुढे पाठवणारी सोय) बंद करा आणि आतल्या उपकरणांना दुसरा विश्वासू डीएनएस सर्व्हर द्या. सीमेन्सनेही हाच उपाय सुचवला होता.