चर्चतर्फे खेड्यात मेडिकल कॅम्पला जाऊन खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या चर्चचा ग्रुप पहिल्यांदाच आदिवासी भागात मेडिकल कॅम्प घेणार आहे, अमेरिकेतला चुलतभाऊ त्याच्या चर्चमधले चार डॉक्टर घेऊन येतो म्हणतोय, तुम्ही स्वतः डॉक्टर नाही, तर तुम्ही जाऊन काही उपयोग आहे का, की सगळं फोटोपुरतंच होतं, आणि गावातले लोक धर्मांतराचा संशय घेतात का. मी वसईची, माझं मेडिकलचं दुकान आहे आणि आमच्या पॅरिशच्या कॅम्पबरोबर बरीच वर्षं जव्हार-मोखाड्याकडे जाते. तिथे औषधांच्या टेबलावर बसते, त्यामुळे मी सांगतेय ते त्या टेबलावरून दिसलेलं आहे.

जा, नक्की जा. पण त्याच गावात परत जायची तयारी असेल तरच. दरवर्षी नवीन गाव, नवीन बॅनर असं असेल तर तो पैसा जवळच्या एखाद्या मिशन हॉस्पिटलला किंवा चांगलं काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाका, जास्त कामी येईल.

असं का म्हणते ते सांगते. एका पाड्यावर एक आजी आल्या होत्या, गुडघे दुखतात म्हणून. मी नेहमी विचारते, घरी कुठल्या गोळ्या चालू आहेत का, असतील तर घेऊन या. त्यांनी नातवाला पाठवलं तर तो कापडी पिशवीच घेऊन आला. आत तीन वेगवेगळ्या कॅम्पच्या गोळ्या. दोन स्ट्रिप दुखण्याच्या, कंपनी वेगळी पण औषध एकच, आणि आजी दोन्ही घेत होत्या, कारण रंग वेगळा म्हणजे औषध वेगळं असंच कुणालाही वाटेल. बीपीची एक गोळी एका कॅम्पमध्ये महिनाभराची मिळालेली, ती संपली, तिथेच थांबलं, पुढे कुणी विचारलंच नाही. पोटात जळजळ होतेय म्हणून ॲसिडिटीची गोळी तिसऱ्या कॅम्पने दिलेली, आणि ती जळजळ बहुतेक त्या दुखण्याच्या गोळ्यांचीच. ज्यांनी दिल्या त्यातल्या एकाचीही नियत वाईट नव्हती. पण बीपी, शुगर, फिट्स, टीबी हे आजार एका दिवसाच्या कॅम्पने बरे होणारे नाहीत, त्यांची औषधं रोज लागतात, टीबीची निदान सहा महिने आणि बाकीच्यांची वर्षानुवर्षं, आणि ती देणारा माणूस गावाच्या जवळच असला पाहिजे.

म्हणून कॅम्पची तयारी चर्चच्या हॉलमध्ये सुरू होत नाही, ती त्या गावच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, सुरू होते. पालघरच्या डोंगरी भागात नियमाप्रमाणे वीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजाराला एक उपकेंद्र धरतात, प्रत्येक पाड्याला आशाताई असते, अंगणवाडी असते. ही माणसं तिथे रोज असतात. मेडिकल ऑफिसरना आधी भेटा, लेखी पत्र द्या, ग्रामपंचायतीला द्या, पोलीस पाटलांना सांगा, आणि डॉक्टरांना सरळ विचारा की तुमच्याकडे बीपीच्या, शुगरच्या कुठल्या गोळ्या येतात. मग आपणही त्याच द्यायच्या. बीपीची अम्लोडिपिन तिथे फुकट मिळते, तर आपण कशाला महागडी कॉम्बिनेशनची गोळी सुरू करून जायचं जी जव्हारच्या दुकानातसुद्धा मिळणार नाही? आमच्या केसपेपरवर पेशंटच्या पाड्याचं नाव आणि आशाताईंचं नाव लिहिलेलं असतं, आणि संध्याकाळी निघायच्या आधी आम्ही एक यादी आशाताईंच्या हातात देतो, कुणाला परत तपासायचंय, कुणाची थुंकी तपासायला पाठवायचीय, कुणाला मोतीबिंदू आहे. माझ्या मते अख्ख्या कॅम्पमधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू ती यादी आहे. आणि हो, कॅम्पला आलेल्या आशाताईंना दिवसभर पाणी आणायला आणि रांग लावायला पळवू नका, त्यांना डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची द्या. गावातल्या लोकांना ते दिसतं.

आपल्याच महाराष्ट्रात हे करून दाखवलेलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, १९७० साली जामखेडला आले, तेव्हा तो दुष्काळी भाग. त्यांनी दवाखाना तर काढलाच, पण गावातल्याच बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर आणि दलित, आरोग्याचं शिक्षण दिलं, बाळंतपण कसं करायचं, जुलाबात काय द्यायचं, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा. १९७९ ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आशाताईंची योजना २००५ मध्ये आली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्याच्याही आधी वेल्लोरला, ते कॉलेज ज्यांनी सुरू केलं त्या मिशनरी डॉ. आयडा स्कडर, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रस्त्याने जायच्या आणि लोक वाटेत झाडाखाली वाट बघत बसायचे. त्यांना माहीत असायचं की बाई परत येणार. मिरजेला मिशनरी डॉ. वॉनलेसनी १८९४ ला हॉस्पिटल बांधलं, तेही तिथे राहूनच. मला ह्या माणसांचा मनापासून अभिमान आहे, आणि म्हणूनच वाटतं की त्यांचं नाव घेऊन आपण एक दिवस जाऊन परत यायचं हे बरोबर नाही.

बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो, वाटेत लुटलेल्या, जखमी पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्याची. जखमा बांधल्या तेवढंच आपल्या लक्षात राहतं, पण तो पुढे त्या माणसाला उतारशाळेत घेऊन गेला, त्याच्या खर्चाचे पैसे दिले आणि सांगितलं की जास्त लागले तर परत येताना देईन. परत येताना! कॅम्पच्या मीटिंगमध्ये मी हे दरवेळी बोलते.

आता औषधांबद्दल, कारण ते माझं काम आहे आणि इथे खूप गोंधळ होतो. चर्चमध्ये खोका ठेवून घरोघरच्या उरलेल्या गोळ्या गोळा करू नका. अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपवर एक्सपायरी राहिलेली नसते, बॅच नंबर नसतो, घरात कुठे ठेवलेली होती माहीत नसतं. डॉक्टरांकडची सॅम्पल आणली तर प्रत्येक औषधाच्या दोन-दोन स्ट्रिप येतात, कुणालाच पूर्ण कोर्स देता येत नाही. त्यापेक्षा वीस-पंचवीस साधी औषधं ठरवा, होलसेलकडून बिलाने घ्या. ओआरएस आणि झिंक, पॅरासिटामॉल, जंतांची अल्बेंडाझोल, लोहाच्या गोळ्या, खरजेचं लोशन, नायट्याचं मलम, मोजकी अँटिबायोटिक्स आणि तीही डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा, सूर्याखाली एक टिंब म्हणजे सकाळी एक, आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या, कशी घेणार सांगा बघू. ह्याला वेळ लागतो, रांग मोठी होते, मागचे लोक कटकट करतात, करू द्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं आणि घरात लिटरचं माप नसतं, म्हणून मी एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या धुऊन नेते आणि बाळाच्या आईसमोरच पाणी भरून दाखवते. झिंक जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायचं असतं, हे सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी बंद होतं. खरजेचं लोशन एकाला देऊन उपयोग नाही, घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री लावायला लागतं आणि अंथरूण, कपडे गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात टाकायला लागतात, नाहीतर पंधरा दिवसांत परत तेच. आणि सलाईन, इंजेक्शन, ताकदीचं टॉनिक लोक मागतातच, कारण बाहेरून येणाऱ्यांनी ती सवय लावलीय. गरज नसेल तर देऊ नका, शांतपणे समजावून सांगा.

लोहाच्या गोळ्यांचं जरा जास्त सांगते, बायकांचा प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-५, २०१९-२१) देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. कॅम्पमध्ये बायका येतात त्या चक्कर येते, दम लागतो, हातपाय दुखतात म्हणून. गोळ्या दिल्या की संडास काळी होते, त्या घाबरतात आणि फेकून देतात. ते आधीच सांगायला हवं, चहाबरोबर घेऊ नका हेही सांगायला हवं. रक्त भरून यायला काही महिने लागतात, आपल्या तीस गोळ्यांनी नाही होत, पुढच्या गोळ्या आशाताई किंवा उपकेंद्रातून फुकट मिळतात, तिथे नाव नोंदवून द्या. ह्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, म्हणून लहानपणापासून वारंवार सांधे दुखणारं, डोळे पिवळे होणारं पोर दिसलं तर नुसतं रक्त वाढवायचं सिरप देऊन पाठवू नका, तपासणीला पाठवा.

तारीख कशी ठरवायची हे शहरातल्या लोकांना कळत नाही. सगळे नाताळच्या सुट्टीत किंवा जानेवारीत कॅम्प ठेवतात, आपल्याला सोयीचं म्हणून. पण भाताची कापणी झाली, दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली कितीतरी घरं वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर जातात, भिवंडीला, वसईला, पोरंबाळं घेऊन. पाड्यावर म्हातारी माणसं उरतात. होळीला सगळे परत येतात, शिमगा तिथला मोठा सण. त्याच्या आसपासची तारीख गावाला विचारून घ्या, सणाच्या दिवशीच नको. खरी गरज पावसाळ्यात असते, घरातलं धान्य संपलेलं, ताप, जुलाब, रस्ते खराब. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला ह्या भागाची अवस्था कळली. पावसात मोठा कॅम्प जमत नाही, पण दोन नर्स आणि एक डॉक्टर जीपने जाऊन येऊ शकतात आणि बरोबर त्याच वेळी भट्टीवरचे लोक आपापल्या घरी असतात. आणखी एक, ते भट्टीवर असतात तेव्हा आपल्या वसईतच असतात की! तिथे जायला तर परवानगीच्या पत्रापलीकडे काही लागत नाही, भाडंसुद्धा नाही.

चुलतभावाचं. त्यांच्या डॉक्टरांना इथे पेशंट तपासायला नुसती अमेरिकेतली डिग्री चालत नाही, इथलं रजिस्ट्रेशन किंवा नॅशनल मेडिकल कमिशनची तात्पुरती परवानगी लागते, आणि ती आधीच काढायला लागते. टुरिस्ट व्हिसावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही. तिकडून पैसे पाठवणार असतील तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, रजिस्ट्रेशन असलेल्या संस्थेलाच घेता येतात, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, पॅरिशच्या किंवा तुमच्या स्वतःच्या खात्यात अजिबात नाही. हे सगळं जमत नसेल तर त्यांनी येऊन इथल्या नर्सना, कार्यकर्त्यांना शिकवावं, बघावं, आपल्या डॉक्टरांशी बोलावं. कॉलेजच्या पोरांना स्टेथोस्कोप देऊन पेशंटला हात लावू देऊ नका. मुंबईत जे चालणार नाही ते मोखाड्यातही चालणार नाही.

धर्मांतराचा संशय? हो, विचारतात, कधी गावातले, कधी बाहेरून आलेले. आम्ही चर्चचं नाव लपवत नाही, बॅनरवर लिहिलेलं असतं. पण कॅम्पच्या जागी प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत, पेशंटला प्रभूबद्दल सांगणं नाही. प्रार्थना आम्ही निघताना चर्चमध्ये करतो आणि परतताना गाडीत करतो. आमच्यातल्या काहींना हे पटत नाही, त्यांना वाटतं की आपण आपली श्रद्धा लपवतोय. माझं म्हणणं असं की आजारी पोर कडेवर घेऊन रांगेत उभी असलेली बाई आपल्याला नाही म्हणू शकत नाही, आणि जिला नाही म्हणता येत नाही तिच्याशी असं काही बोलूच नये. गावातला भगत, म्हणजे मंत्र-झाडपाल्याने उपचार करणारा, तो पण कॅम्पला येतो, त्याचंही बीपी तपासतो, त्याला मान देतो. जुलाबाचं बाळ रात्री त्याच्याकडेच आधी नेतात, तर त्याने ओआरएस द्यायला सांगितलं तर चांगलंच आहे.

तुम्ही डॉक्टर नाही ते बरंच आहे, डॉक्टर मिळतात, बाकीची माणसं कमी पडतात. केसपेपर नीट अक्षरात लिहिणारं कुणीतरी पाहिजे. चष्म्याचं टेबल सांभाळायला शिकून घ्या, चाळिशीनंतरच्या माणसांना जवळचं दिसत नाही, दीड-दोन नंबरचा तयार चष्मा घालून सूपभर तांदूळ निवडायला दिले की चेहरा बघा, एवढा लगेच गुण तर माझ्या कुठल्याच औषधाला येत नाही. शुगर तपासलेल्या सुया, कापूस मोजून डब्यात बंद करून परत आणायचे किंवा पीएचसीत द्यायचे, २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत कॅम्पही येतात, आणि कॅम्प भरतो त्या शाळेच्या अंगणात अनवाणी पोरं खेळतात. कुपोषित मुलांचे फोटो काढू नका. आणि सगळ्यात गरजेचं काम म्हणजे नंतरचं, मोतीबिंदूच्या बाबांना ऑपरेशनला आणायचं. ऑपरेशन फुकट होतं, पण एक दिवस मजुरी बुडवून बरोबर कोण येणार, एसटी कुठे बदलायची, हॉस्पिटलमध्ये कुठल्या खिडकीवर जायचं, ह्यातच ते अडकतं. आमच्या पॅरिशमध्ये एक रिक्षावाले काका आहेत, त्यांना मेडिकलमधलं काही कळत नाही, ते फक्त स्टँडवर उतरवून घेतात, हॉस्पिटलमध्ये बरोबर बसतात, पट्टी सुटेपर्यंत थांबतात आणि परत एसटीत बसवून देतात.

तेव्हा ग्रुपच्या मीटिंगमध्ये आधी दोन प्रश्न विचारा, तिथल्या मेडिकल ऑफिसरना कोण भेटून आलंय आणि दुसऱ्या फेरीची तारीख काय. उत्तरं मिळाली तर नाव द्या. बुटांपेक्षा चप्पल बरी, शाळेत सारखी काढायला लागते, डबा आपला न्या, पण कुणी भाकरी पुढे केली तर बसून खा. तुमचा भाग कुठला ते खाली लिहा, पालघरकडचा असेल तर आमची औषधांची यादी आणि केसपेपरचा नमुना पाठवते.