रेपो घटला, मग हप्ता का नाही?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रबंधाचा आराखडा वाचला. समीकरणं चोख आहेत, पण एवढ्या पानांत बँक कुठे दिसली नाही! रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, हलला की कर्जाचा दरही लगेच हलतो, हे तू गृहीतच धरलंयस. आपल्याकडचं खरं भांडण तर तिथेच आहे.

कर्जाचा दर ठरवायला २०१० मध्ये बेस रेट (बँकेचा किमान दर) आला, एप्रिल २०१६ मध्ये एमसीएलआर (नवा पैसा उभा करायला बँकेला येणाऱ्या खर्चावर बेतलेला दर), आणि ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या दराची नवी घरकर्जं बँकेबाहेर ठरणाऱ्या मापदंडाला जोडणं बँकांना सक्तीचं झालं. बहुतेकींनी रेपोच निवडला. नियम इतक्यांदा का बदलावे लागले? मुदत ठेवी जुन्या दराने बांधलेल्या असतात. त्या संपेपर्यंत बँकेचा खर्च उतरत नाही, आणि जुन्या कर्जदाराला सवलत द्यायची घाई तर कोणत्याच बँकेला नसते. तुझा प्रबंध या फटीत आहे. एखाद्या शाखेत चार दिवस बस, कर्ज विभागातल्या माणसाला चहा पाज, बोलतं कर. मी हे केलं नव्हतं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "कॅश क्रेडिटची मर्यादा ठरवतं कोण?" धंद्याला लागेल तसं उचलता येणारं हे कर्ज; मी गप्प. पदवी मिळाली, पण ते अजून बोचतं.

रेपो दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीचं इतिवृत्त बैठकीनंतर चौदाव्या दिवशी येतं. बातमीवर भागवू नकोस, सहाही सदस्यांची निवेदनं वाच. वेगळं मत देणाऱ्याचं आधी. त्यातले तिघे बाहेरचे असतात, प्राध्यापकही असतात. मात्र तिथे पोचायचं म्हणून कोणी हा विषय घेऊ नये.

माझं म्हणणं खोडायला कचरतोस, हे मला आवडलेलं नाही. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ चा. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सने उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीवर (रुपयाचा दर सोन्याशी जोडलेल्या परकी चलनाला बांधायचा) त्यांनी त्यात हल्ला चढवला. परकी चलनातल्या दरापेक्षा देशात रुपयाला काय मिळतं ते टिकायला हवं, हा त्यांचा मुद्दा. प्रस्तावना लिहिली त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी, आणि आपल्याला यातले बरेच युक्तिवाद पटत नाहीत, हे त्यांनी तिथेच नोंदवलं. मला तशी प्रस्तावना लिहायला आवडेल.

तिसरं प्रकरण आधी लिहायला घे. शाखेतून आलास की फोन कर, पण सातनंतर. तोवर मी फिरायला गेलेला असतो.

तुझा,
सर