जीव वाचला, मग आता हे कुठे बोलायचं?

"पीएसए, तो रक्तातला कॅन्सरचा आकडा, शून्याच्या आसपास आहे, लघवीवरही ताबा आलाय. पण ते... ते काही होत नाही हो. आता कायमचंच गेलं का?"

प्रोस्टेटच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेली माणसं हा प्रश्न बहुधा निघता निघता विचारतात, फाईल पिशवीत घालताना. एकसष्ट वर्षांच्या या गृहस्थांनीही तसंच केलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ऑपरेशनला नऊ महिने झाले होते. घरात सगळे म्हणत, "जीव वाचला, देवाची कृपा." त्यामुळे तक्रार करायचीच चोरी झाली होती.

मी त्यांना परत बसवलं. लिंगाला ताठरता आणणारे मज्जातंतू प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंना अगदी चिकटून जातात. ते जपून ग्रंथी काढायची पद्धत अमेरिकेतले सर्जन पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ पासून रूढ केली. पण नीट जपले तरी ते ताणले जातात, दुखावतात, महिनोन्‌महिने बधिर राहतात. सुधारणा व्हायला दीड-दोन वर्षंही लागू शकतात. नऊ महिन्यांत निकाल लावायची घाई नको. मात्र गाठीमुळे मज्जातंतू काढावेच लागले असतील, तर चित्र वेगळं असतं. तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं, हे सर्जनना स्पष्ट विचारा, म्हटलं. त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं.

गोळी? घेतली होती, दोनदा. भरपेट जेवणानंतर, आणि मग उताणं पडून घड्याळाकडे बघत! सिल्डेनाफिल हे त्या गोळीतलं औषध जड जेवणानंतर उशिरा लागू पडतं, आणि नुसतं पडून राहिल्याने तर काहीच होत नाही. स्पर्शाची, उत्तेजनाची जोड लागतेच. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची औषधं चालू असतील तर या गोळ्या घ्यायच्याच नाहीत, रक्तदाब धोकादायक उतरतो. म्हणून दुकानातून परस्पर आणू नका, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

तिसऱ्या भेटीला पत्नी आल्या. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चष्मा मागितला तर टेबलावर ठेवतात, हातात देत नाहीत. मला वाटलं, मी सेवेत कुठे कमी पडले."

ते चमकले. त्यांचं गणित असं: जवळ गेलो तर पुढचं आलं, पुढचं जमणार नाही, मग जवळच नको. माझ्या अनुभवात जोडप्याचं खरं नुकसान इथे होतं, मज्जातंतूंच्या नुकसानापेक्षा कितीतरी जास्त.

मी सांगितलं, चार आठवडे संभोगाचा प्रयत्नच करायचा नाही. फक्त जवळ बसा, पाठ चोळा, हात हातात घ्या. ते हसले, "म्हणजे परीक्षाच रद्द."

आणखी एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगितलेली नसते. ताठरता नसली तरी स्पर्श कळतो, कारण त्वचेच्या संवेदनेचे मज्जातंतू वेगळे असतात. सुखाचा कळसही गाठता येतो. वीर्य मात्र बाहेर येत नाही, कारण प्रोस्टेटबरोबर वीर्यकोशही काढलेले असतात. हे माहीत नसल्याने या गृहस्थांना वाटत होतं, आत काहीतरी तुंबलंय! कळसाच्या क्षणी कधी थोडी लघवी निसटते. आधी जाऊन आलं की बरंच भागतं.

पाचव्या भेटीपर्यंत त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हॅक्यूम पंप आणला होता. पंपाने लिंगात रक्त ओढून घ्यायचं आणि मुळाशी रबरी कडी चढवायची. कडी अर्ध्या तासाच्या आत काढायचीच. पहिल्याच दिवशी कडी सुटून खोलीच्या कोपऱ्यात उडाली. पत्नी सांगत होत्या, "दोघं वाकून शोधत होतो, आणि हे हसायला लागले. वर्षभरात पहिल्यांदा."

ताठरता अजून पुरती आलेली नाही. पुढच्या खेपेला सर्जनना ताठरता आणणाऱ्या इंजेक्शनबद्दल विचारायचं ठरलंय: किती मात्रेपासून सुरुवात, कुठे टोचायचं, आणि चार तासांनंतरही ताठरता ओसरली नाही तर रात्री-अपरात्री कुठे धावायचं. प्रश्नांची यादी पत्नीने लिहून आणली होती. त्यांनी ती वाचायला चष्मा मागितला.