फॉयचा साहित्य महोत्सव: हवेलीत प्रवेश नसेल तर तेथे जावे का?

आपण विचारले आहे की, मे महिन्यात मुलीकडे लंडनला जाणार असताना तेथून कॉर्नवॉलमधील फॉय या समुद्रकाठच्या गावी, कादंबरीकार डॅफ्नी ड्यू मॉरिए यांच्या नावाने सुरू झालेल्या साहित्य महोत्सवाला जाणे योग्य ठरेल का. त्यांची ‘रिबेका’ ही एकच कादंबरी आपण वाचली आहे, आणि तिच्यातील मँडर्ली या वाड्याला जिने रूप दिले ती मेनाबिलीची हवेली पाहता येत नाही, हे कळल्यापासून आपला उत्साह मावळला आहे. माझे उत्तर असे की जरूर जावे, आणि हवेली बंद आहे या कारणासाठी तर बेत मुळीच रद्द करू नये.

हा महोत्सव 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. ड्यू मॉरिए यांचा जन्मदिवस 13 मे, म्हणून तो मे महिन्यात भरतो. आरंभी त्याला त्यांचेच नाव होते. पुढे ते बदलून फॉय कला व साहित्य महोत्सव असे व्यापक नाव देण्यात आले. आजचे कादंबरीकार, चरित्रकार आणि इतिहासकार तेथे बोलतात, संगीताचे कार्यक्रम होतात आणि जाणकारांच्या सोबतीने पदभ्रमणे काढली जातात. दरवर्षी नवे काही देऊ पाहणाऱ्या महोत्सवाला एकाच लेखिकेच्या नावावर उभे राहणे जड जाते, हे मी समजू शकतो. तरीही आपल्यासारख्या दुरून येणाऱ्या वाचकाने कार्यक्रमपत्रिका हाती आल्यावर प्रथम ड्यू मॉरिए यांच्याविषयीची व्याख्याने आणि त्यांच्या परिसरातील पदभ्रमणे निवडावीत. इतर लेखकांना ऐकण्याची संधी लंडनमध्येही मिळते; ही भूमी मात्र फॉयलाच आहे.

ड्यू मॉरिए या जन्माने फॉयच्या नव्हत्या. त्यांचा जन्म 1907 मध्ये लंडनला झाला. वडील जेराल्ड हे नामवंत नट आणि आजोबा जॉर्ज हे चित्रकार व कादंबरीकार. 1926 मध्ये कुटुंबाने फॉयसमोर, नदीच्या पैलतीरावर बॉडिनिक येथे फेरीबोटीच्या धक्क्यालगतचे एक घर घेतले, त्याचे नाव फेरीसाइड ठेवले, आणि एकोणीस वर्षांच्या डॅफ्नीला आपले गाव सापडले. जवळच्या चिखलात मोडकळीस आलेल्या ‘जेन स्लेड’ नावाच्या शिडाच्या जहाजावरून आणि ते बांधणाऱ्या, शेजारच्या पोलरुअन गावातील कुटुंबाच्या जुन्या पत्रांवरून त्यांची पहिली कादंबरी 1931 मध्ये आकाराला आली. ती वाचून प्रभावित झालेला फ्रेडरिक ब्राउनिंग हा लष्करी अधिकारी स्वतःची नौका घेऊन फॉयला आला आणि 1932 च्या जुलैमध्ये लँटेग्लॉसच्या चर्चमध्ये त्यांचा विवाह झाला. बॉडिनिकची फेरीबोट आजही चालते. तिच्यातून नदी ओलांडताना फेरीसाइड अगदी जवळून दिसते; त्या जहाजाच्या नाळेवरची स्त्रीमूर्ती तिथे पुढे पुष्कळ काळ भिंतीवर लावलेली होती. ते घरही खाजगी असल्याने बाहेरूनच पाहावे लागते.

आता मेनाबिलीविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. ही रॅशली घराण्याची पिढीजात वास्तू. ड्यू मॉरिए यांनी तिचा शोध 1920 च्या दशकाच्या अखेरीस घेतला तेव्हा मालक तेथे राहत नव्हता, भिंतींवर आयव्हीची वेल चढली होती आणि भोवतालचे रान माजले होते. पहिल्या प्रयत्नात त्या रानात वाट चुकून घरापर्यंत पोहोचल्याच नाहीत. पुढे विनापरवाना कुंपणाच्या आत शिरून त्यांनी ते पाहिले, खिडक्यांच्या काचांतून आतल्या धुळीने माखलेल्या खोल्या न्याहाळल्या आणि नंतर मालकाकडून आवारात फिरण्याची अनुमती मिळवली. ‘रिबेका’चे लेखन त्यांनी सुरू केले ते 1937 मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे. पतीची पलटण तेथे होती, उकाडा असह्य होत होता आणि कॉर्नवॉलची ओढ जिवाला स्वस्थ बसू देत नव्हती. कादंबरी 1938 च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाली, आणि मेनाबिली भाडेपट्ट्याने घेऊन त्या तेथे राहायला गेल्या त्या त्यानंतर पाच वर्षांनी, 1943 मध्ये. याचा अर्थ असा की मँडर्ली ही मेनाबिलीच्या उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या स्त्रीने कल्पिलेली वास्तू आहे. तिच्या दिवाणखान्यांची भव्यताही पुष्कळशी पीटरबरोजवळील मिल्टन हॉल या, लहानपणी पाहिलेल्या दुसऱ्याच एका वाड्यावरून आलेली आहे. पुढे सव्वीस वर्षे राहूनही मेनाबिली त्यांच्या मालकीची कधीच झाली नाही. गळकी छपरे दुरुस्त करून, वीज आणून त्यांनी ती राहण्याजोगी केली, आणि 1969 मध्ये रॅशली घराण्याला ती परत देऊन जवळच्याच किलमार्थ या घरात जावे लागले, हे दुःख त्यांना फार जाचले. 1989 मध्ये किलमार्थलाच त्यांचे निधन झाले. मेनाबिलीत आजही रॅशली कुटुंबाची खाजगी वस्ती आहे. झाडीपलीकडचे ते घर बाहेरूनच डोळ्यांपुढे आणावे लागणे ही आपल्याला उणीव वाटत असेल, तर ‘रिबेका’ लिहिताना लेखिकेचीही अवस्था याहून फारशी वेगळी नव्हती, हे ध्यानात घ्यावे.

म्हणून माझा आग्रह आहे तो मेनाबिलीलगतच्या पोलरिडमथच्या पुळणीपर्यंत चालत जाण्याचा. फॉयमधून निघाल्यावर आधी रेडीमनीची छोटी पुळण लागते (मेनाबिलीला जाण्यापूर्वी ड्यू मॉरिए काही काळ तेथील एका घरात राहिल्या होत्या), मग आठव्या हेन्रीच्या काळातला सेंट कॅथरिनचा गढीवजा बुरूज, आणि नंतर किनाऱ्याच्या कड्यावरून जाणारी सार्वजनिक पायवाट सुमारे तीन किलोमीटरवरील त्या निवांत जागी नेऊन सोडते. समोर ग्रिबिन टोकावर 1832 मध्ये उभारलेला तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा उंच खूणमनोरा दिसतो. येथल्याच खडकांवर 1930 मध्ये एक जहाज आदळले होते. कादंबरीतील नौकागृह, जहाजफुटी आणि त्यातून उघडकीला आलेले रहस्य हे सारे याच पुळणीशी जोडलेले आहे. हे ठिकाण पाहिल्यावर कथानकातील अंतरे, म्हणजे घरापासून समुद्र किती जवळ आणि तरीही किती आडबाजूला, एकाएकी स्पष्ट होतात. ज्या मराठी वाचकांनी 1964 चा ‘कोहरा’ हा या कथेवर बेतलेला हिंदी चित्रपट पाहिला आहे, त्यांनाही कथेचा हा मूळ समुद्र पाहताना विशेष वाटेल.

कोकणातल्या वाचकाला याचे मोल निराळे सांगायला नको. श्री. ना. पेंडसे यांनी दापोली तालुक्यातील हर्णै परिसराला कादंबरीत जे अढळ स्थान दिले, त्याच्या वाटा दाखवणारी अशी वार्षिक पदभ्रमणे तेथेही नियमाने व्हावीत, असे मला फॉयला प्रत्येक वेळी प्रकर्षाने वाटते. त्यासाठी मोठा मंडप वा मोठा निधी लागत नाही. पाठ्य नीट वाचलेला आणि पाऊलवाटा ठाऊक असलेला स्थानिक माणूस लागतो.

प्रवासाचे म्हणाल, तर लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून पार या स्थानकापर्यंत रेल्वेने चार-साडेचार तास लागतात. फॉयला जाणाऱ्या फाट्यावरील प्रवासी गाड्या 1965 मध्येच बंद झाल्यामुळे पारहून पुढे बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. गाव लहान व उतारावर वसलेले असल्याने राहण्याच्या जागा मोजक्याच आहेत. त्या वर्षारंभीच आरक्षित कराव्यात, आणि त्याआधी त्या वर्षीच्या तारखांची खातरजमा महोत्सवाच्या संकेतस्थळावरून करून घ्यावी. चिखलात न घसरणारे बूट मात्र जवळ असू द्यावेत.

जाण्यापूर्वी आणखी एक कादंबरी वाचायला वेळ असेल, तर 1946 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘द किंग्ज जनरल’ वाचावी. मेनाबिलीच्या दुरुस्तीत 1824 मध्ये एका भिंतीआडच्या कोंदट खोलीत सतराव्या शतकातील इंग्लंडच्या यादवी युद्धकाळातील राजपक्षीय योद्ध्याचा सांगाडा सापडल्याची जी हकिगत घराण्यात सांगितली जाते, तिच्यावर ती उभी आहे, आणि ‘रिबेका’च्या उलट ती प्रत्यक्ष त्या घरात राहून लिहिलेली आहे.